कोंबडीच्या शेपटीखालची पिशवी

काय दोस्तांनो, कांजिण्या झाल्यात का तुम्हाला कधी? झाल्या असतील तर सगळं आठवत असेल. अंगभर फोड, मरणाची खाज, शाळेला सुट्टी, उशाशी कडुलिंबाचा पाला आणि वर आजीचं ते ठरलेलं वाक्य, "एकदा झाल्या ना? आता पुन्हा नाही व्हायच्या!"

आजी म्हणते ते बहुतेक वेळा खरं ठरतं. पण का बरं? कांजिण्यांचा विषाणू तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला नसतो. मग दहा वर्षांनी तो पुन्हा अंगात शिरला तर "अरे, हा तर तोच!" असं ओळखतं कोण? परीक्षेच्या दिवशी कालची कविता आठवत नाही आणि शरीर मात्र दहा वर्षांपूर्वीचा शत्रू विसरत नाही. आहे की नाही गंमत?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा तुकडा कुठे सापडला, माहीत आहे? कोंबडीच्या शेपटीखाली! हसू नका. आजची गोष्ट तीच आहे. तिच्यात एक इटालियन प्राध्यापक आहे, अमेरिकेत शिकणारे दोन विद्यार्थी आहेत, सतत आजारी पडणारी लहान मुलं आहेत आणि त्या मुलांवर उपचार करता करता कोंबड्यांकडे वळलेला एक डॉक्टर आहे. त्याचं नाव मॅक्स कूपर.

हे काय आहे, सर?

इटलीतल्या पदुआ शहरात हिएरोनिमस फाब्रिशियस नावाचे शरीररचनेचे नामांकित प्राध्यापक होते. रक्त शरीरात गोल फिरतं हे सिद्ध करणारा विल्यम हार्वे यांचाच विद्यार्थी. फाब्रिशियस १६१९ मध्ये वारले आणि १६२१ मध्ये त्यांचं एक पुस्तक छापून आलं. त्यात त्यांनी कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठा बाहेर पडते त्या जागेच्या जरा वर, एक छोटी पिशवी असते असं लिहून ठेवलं होतं. पिशवीला लॅटिनमध्ये म्हणतात 'बर्सा'. म्हणून तिचं नाव पडलं फाब्रिशियसची बर्सा.

नाव मिळालं, पण काम? ते काही केल्या कळेना. पिल्लू लहान असताना ही पिशवी भराभर वाढते आणि कोंबडी वयात आली की सुकून जाते. तीनशे वर्षं उलटली तरी ही पिशवी करते काय, याचं पटेल असं उत्तर कुणापाशी नव्हतं.

मग १९५२ साल उजाडलं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी शिकत होता. पक्ष्याची चिरफाड चालू असताना त्याला ही पिशवी दिसली. त्याने सरांना विचारलं, हे काय आहे आणि याचं काम काय? सरांनाही ठाऊक नव्हतं. पण ते "गप्प बस" म्हणाले नाहीत. तूच शोधून काढ, असं त्यांनी त्याला सांगितलं.

ग्लिक कामाला लागला. त्याने काही पिल्लांची बर्सा काढून टाकली आणि वाट बघत बसला. पिल्लं मजेत वाढली. खाल्लं, प्यायली, मोठी झाली. काही म्हणता काही फरक नाही! बिचारा ग्लिक हिरमुसला असणार.

इथे गोष्टीत येतो टिमोथी चँग. हा ग्लिकचा सोबती. त्याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. कोंबड्यांना साल्मोनेला जंतू टोचायचे आणि त्यांच्या रक्तात त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं कशी तयार होतात ते मुलांना दाखवायचं. प्रतिपिंडं म्हणजे रक्तात फिरणारी, जंतूला जाऊन चिकटणारी प्रथिनं. त्याच्याकडे कोंबड्या कमी पडल्या, म्हणून त्याने ग्लिककडच्या उसन्या घेतल्या. झालं! प्रात्यक्षिक सपशेल फसलं. कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचा पत्ताच नाही!

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून गप्प बसला असता. या दोघांनी मात्र हिशेब मांडला. प्रतिपिंडं नव्हती त्या कोंबड्या कोणत्या? बर्सा काढलेल्या! त्यांनी प्रयोग पुन्हा केला, पुन्हा तेच. म्हणजे प्रतिपिंडांचा आणि या पिशवीचा काहीतरी संबंध होता.

त्यांनी हे सगळं लिहून एका फार मोठ्या विज्ञान-नियतकालिकाकडे पाठवलं. तिथून ते साभार परत आलं. शेवटी १९५६ मध्ये ते 'पोल्ट्री सायन्स' या कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापलं गेलं. आता सांगा, माणसांचे डॉक्टर कोंबड्यांचं मासिक कशाला वाचतील? त्यामुळे एवढा मोठा शोध काही वर्षं तसाच खुराड्यात बसून राहिला.

एका मुलाला प्रतिपिंडं नाहीत

आता कोंबड्या बाजूला ठेवू आणि दवाखान्यात जाऊ. त्याच १९५२ सालची गोष्ट. अमेरिकेत ऑग्डेन ब्रुटन या लष्करी डॉक्टरांकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा जंतू शिरत आणि तो गंभीर आजारी पडे. औषधाने बरा होई, पुन्हा आजारी पडे. ब्रुटनांनी त्याच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा दिसलं की ज्या भागात प्रतिपिंडं असतात, तो गॅमा ग्लोब्युलिनचा भाग त्याच्या रक्तात नाहीच! त्यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन त्याला टोचायला सुरुवात केली आणि त्याचे आजार थांबले.

असे आणखी मुलगे सापडत गेले. त्यांच्यात एक चमत्कारिक गोष्ट होती. जिवाणूंपुढे हात टेकणारी ही मुलं बऱ्याचशा विषाणूंशी मात्र बऱ्यापैकी लढत.

आता आपले मॅक्स कूपर येतात. जन्म १९३३, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं हेझलहर्स्ट गाव. घरात शाळामास्तरकीचं वातावरण. १९५७ मध्ये ते डॉक्टर झाले, मग मुलांचे डॉक्टर झाले आणि १९६३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट गुड यांच्या हाताखाली दाखल झाले. गुड यांच्याकडे अशीच मुलं येत. ज्यांची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच लुळी पडलेली आहे अशी.

तिथे कूपर यांनी आणखी एका आजाराची मुलं पाहिली. आजाराचं नाव विस्कॉट-ऑल्ड्रिच. या मुलांची गत ब्रुटनच्या मुलांच्या अगदी उलट! यांच्या अंगात प्रतिपिंडं होती, ती बनवणाऱ्या पेशीही होत्या. तरीसुद्धा हर्पिससारख्या, एरवी ओठावर फोड आणून निघून जाणाऱ्या विषाणूपुढे ही मुलं हार मानत. त्या काळी त्यातली कितीतरी मुलं दगावत आणि डॉक्टरांना बघत बसण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे.

जरा तुम्हीच विचार करा. एका प्रकारच्या मुलांकडे प्रतिपिंडं नाहीत, पण ती विषाणूंशी लढतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे प्रतिपिंडं आहेत, पण ती विषाणूंशी लढू शकत नाहीत. याचा अर्थ काय? शरीरात एकच फौज असती, तर असं झालं असतं का?

तेव्हा बहुतेकांना वाटे की रक्तातल्या लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सगळ्या एकाच कुळातल्या आहेत. कूपर यांना वाटलं, नाही. फौजा दोन असल्या पाहिजेत. पण वाटून काय उपयोग? विज्ञानात "मला वाटतं"ला शून्य मार्क! दाखवून द्यावं लागतं.

कारखाना आणि दुकानं

दाखवायचं कसं? मुलांवर तर असे प्रयोग करता येत नाहीत. आता कोंबडी मदतीला धावली. कोंबडीच्या पिल्लात दोन वेगवेगळ्या जागा असतात. शेपटीखाली बर्सा आणि मानेत थायमस नावाची ग्रंथी. थायमस आपल्यालाही असते, छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर. ही ग्रंथी काही कामाची नाही असंच तोवर मानत. पण १९६१ मध्ये जॅक मिलर या शास्त्रज्ञाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली, तर त्या उंदरांच्या रक्तातल्या लिंफोसाइट कमी झाल्या, ते आजारी पडू लागले आणि दुसऱ्या उंदराची कातडी त्यांना चिकटवली तर शरीर ती खुशाल ठेवून घेऊ लागलं! एरवी परकी कातडी शरीर काही दिवसांत झिडकारून टाकतं.

मग बर्सा आणि थायमस ही दोन वेगळ्या फौजांची दोन वेगळी शिबिरं तर नसतील? ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये कोंबड्यांबद्दल असं सुचवलंही होतं. पण चोख पुरावा हातात येत नव्हता. कधी बर्सा काढूनही थोडी प्रतिपिंडं दिसत, कधी थायमस काढूनही लिंफोसाइट दिसत.

कूपर यांनी इथे डोकं चालवलं. समजा, फटाक्यांचा कारखाना बंद करायचा आहे. तुम्ही कारखान्याला कुलूप लावलंत. पण दुकानांत आधीच गेलेला माल? तो उरतोच की! तो विकला जाणारच. पिल्लाचंही तेच. अंड्यातून बाहेर येईपर्यंत काही पेशी बर्सातून आणि थायमसमधून निघून शरीरभर पसरलेल्या असतात. म्हणून कूपर यांनी पिल्लू अंड्यातून बाहेर येताच कारखाना काढून टाकला आणि शिवाय क्ष-किरणांचा मारा करून बाहेर गेलेला मालही नष्ट केला. मग पिल्लं सावरली, मोठी झाली, आणि तपासणी सुरू झाली.

निकाल असा लखलखीत लागला की विचारू नका. बर्सा काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं नाहीत, ती बनवणाऱ्या पेशीही नाहीत. बाकी लिंफोसाइट मात्र आहेत. हुबेहूब ब्रुटनचा मुलगा! आणि थायमस काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी आहेत, पण दुसऱ्या प्रकारच्या लिंफोसाइट फारच कमी आणि परकी कातडी झिडकारण्याची ताकद लुळी.

१९६५ मध्ये कूपर, पीटरसन आणि गुड यांनी हे 'नेचर' नियतकालिकात छापलं. फौजा दोन आहेत! पुढे त्यांना नावं मिळाली. थायमसमधून तयार होऊन येतात त्या टी पेशी आणि बर्सातून येतात त्या बी पेशी. म्हणजे 'बी' हे अक्षर आलंय कोंबडीच्या त्या पिशवीवरून. बघा, तीनशे वर्षं जिचं काम कुणाला कळलं नाही तिचं नाव आज जगातल्या प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी आहे.

पण आपल्याला कुठे आहे बर्सा?

शाब्बास! हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आपल्याला शेपूटही नाही आणि बर्साही नाही. मग आपल्या बी पेशी तयार होतात कुठे?

कूपर यांनाही हाच प्रश्न छळत होता. बर्सा आतड्याच्या टोकाशी असते, तेव्हा माणसातही आतड्याच्या आसपासच काहीतरी असणार असं त्यांना वाटलं. अपेंडिक्स बघितलं, टॉन्सिल बघितले. वर्षं गेली. उत्तर चुकीचं निघालं. शेवटी १९७४ मध्ये लंडनमध्ये मार्टिन रॅफ आणि जॉन ओवेन यांच्याबरोबर काम करताना उंदराच्या गर्भात खरी जागा सापडली. गर्भात असताना यकृत आणि नंतर हाडांमधला मगज, म्हणजे अस्थिमज्जा. आपल्यातही तसंच आहे. नळीच्या हाडातला जो मऊ गर असतो ना, तसाच गर तुमच्या-माझ्या हाडांत बसून रोज नव्या बी पेशी घडवतो.

आता या बी पेशीची करामत ऐका. प्रत्येक बी पेशीच्या अंगावर एका विशिष्ट आकाराची खाच असते. एका पेशीची सगळ्या खाचा एकाच आकाराच्या, शेजारणीच्या दुसऱ्या आकाराच्या. पत्ते पिसावेत तसे गुणसूत्रांतले तुकडे पिसून हे निरनिराळे आकार बनतात. हे कोडं जपानच्या सुसुमु तोनेगावा यांनी सोडवलं आणि त्यांना १९८७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणजे शत्रू यायच्या आधीच शरीराने लाखो-करोडो प्रकारची कुलपं तयार ठेवलेली असतात. कोणती किल्ली येईल हे ठाऊक नसताना!

मग एक दिवस कांजिण्यांचा विषाणू येतो. त्याची किल्ली एखाद्याच बी पेशीच्या कुलपात फिट्ट बसते. ती पेशी जागी होते. टी पेशी तिला मदत करतात. ती एकाच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढत जाते. त्यातल्या काही पेशी प्रतिपिंडांच्या गिरण्या होतात आणि सेकंदाला हजारांच्या हिशेबात प्रतिपिंडं रक्तात सोडतात. पहिल्या वेळी या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात आपण आजारी पडून घेतो. पण काही बी पेशी गिरण्या न होता गुपचूप मागे राहतात. त्या 'स्मृतिपेशी'. वर्षानुवर्षं पहारा देतात. तोच शत्रू पुन्हा आला की थोड्याच दिवसांत फौज उभी! आजीच्या वाक्यामागचं गुपित ते हे.

लस म्हणजे दुसरं काय? खरा शत्रू न येताच या पेशींना त्याचा चेहरा दाखवून ठेवायचा. १६ जानेवारी २०२१ ला आपल्या देशात करोनाची लस द्यायला सुरुवात झाली. त्यातली कोव्हिशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली. घरातल्या मोठ्यांच्या दंडावर ती टोचली गेली, तेव्हा आतमध्ये हीच धावपळ सुरू झाली होती.

याचा उपयोग काय झाला?

पुष्कळ. पहिली गोष्ट म्हणजे आजारी मुलांचं कोडं सुटलं. बी पेशींची फौज नसेल तर प्रतिपिंडं बाहेरून देत राहायची. दोन्ही फौजा नसतील तर? १९६८ मध्ये रॉबर्ट गुड यांच्या तुकडीने अशा एका तान्ह्या बाळाला त्याच्या बहिणीच्या हाडातला मगज दिला आणि ते बाळ वाचलं! फौजा दोन आहेत हे कळलं म्हणूनच नेमकं काय नाही आणि काय द्यायचं, हे ठरवता आलं.

दुसरी गोष्ट कर्करोगाची. लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा जो सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, तो बहुतेक वेळा अर्धवट घडलेल्या बी पेशींतून सुरू होतो. कोणत्या पेशी बिघडल्यात ते ओळखता आलं, तर औषध नेमकं निवडता येतं. ब्रुटनच्या आजारामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं आणि त्या जनुकाच्या प्रथिनाला अडवणारी औषधं आज बी पेशींच्या काही कर्करोगांवर वापरतात. १९५२ चा आठ वर्षांचा मुलगा कुठे आणि आजचे आजोबा रुग्ण कुठे! पण धागा एकच.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या गावातली. ओळखीच्या कुणाची पोल्ट्री असेल तर विचारा, "गंबोरोची लस देता का?" गंबोरो हा पिल्लांचा एक विषाणूजन्य रोग. तो नेमका बर्सावरच हल्ला करतो. लहान वयात तो झाला तर पिल्लू वाचलं तरी त्याची बी पेशींची फौज मोडते. मग मानमोडीची लस दिली तरी ती नीट लागू पडत नाही. लस टोचली, पैसे गेले, पण प्रतिपिंडं बनवणार कोण? म्हणून पोल्ट्रीवाले गंबोरोला इतके टरकून असतात.

सत्तरी ओलांडल्यावर नवा मासा

मॅक्स कूपर १९६७ पासून अलाबामा विद्यापीठात होते. एवढा मोठा शोध लागल्यावर माणूस हार-तुरे घेत बसला असता. पण यांना नवा प्रश्न पडला. ही दोन फौजांची युक्ती निसर्गाला सुचली कधी?

म्हणून ते वळले लँप्रे नावाच्या माशाकडे. याला जबडाच नसतो! तोंडाच्या जागी गोल चूषक. दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पिणारा हा प्राणी. आपले आणि त्याचे पूर्वज सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. २००४ मध्ये झीव पँसर, कूपर आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवलं की लँप्रेही शत्रू ओळखायला असंख्य आकार बनवतो, पण आपल्यासारखी प्रतिपिंडं वापरून नाही. त्याची प्रथिनं साफ निराळी. आणि २००९ मध्ये आणखी मोठं आश्चर्य पुढे आलं. त्याच्यातही दोन फौजा आहेत, एक आपल्या बी पेशींसारखी, दुसरी टी पेशींसारखी! हत्यारं वेगळी, पण फौजेची मांडणी तीच. २००४ मध्ये कूपर एकाहत्तर वर्षांचे होते. त्या वयात नवा प्राणी, नवा प्रश्न!

२०१९ मध्ये मॅक्स कूपर आणि जॅक मिलर या दोघांना मिळून अमेरिकेचं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. एकाने बी पेशींची वाट दाखवली, दुसऱ्याने टी पेशींची.

दोस्तांनो, आता एक गोष्ट ध्यानात घ्या. ग्लिकने विचारलेला प्रश्न तुमच्यापैकी कुणीही विचारू शकला असता. "हे काय आहे, सर?" एवढाच तर होता तो. सरांना येत नव्हता, पुस्तकात उत्तर नव्हतं, मोठ्या नियतकालिकाला तो महत्त्वाचा वाटला नाही. तरी त्या उत्तरावर पुढे कितीतरी मुलांचे प्राण वाचले. तेव्हा वर्गात हात वर करायला लाजू नका. सरांना उत्तर आलं नाही तर उलट खूश व्हा. कदाचित ते उत्तर तुमची वाट बघत थांबलं असेल!

जाता जाता नेहमीचं कोडं. एका पिल्लाची बर्सा काढली, दुसऱ्याची थायमस. कूपर यांनी केलं तसंच, क्ष-किरणांसकट. मग दोघांच्या अंगावर तिसऱ्याच कोंबडीच्या कातडीचा तुकडा चिकटवला. कुणाच्या अंगावर तो तुकडा जास्त दिवस टिकेल, आणि का? दोन ओळींत उत्तर लिहा आणि आमच्याकडे पाठवा. नुसतं 'पहिलं' किंवा 'दुसरं' चालणार नाही हं, कारण हवंच! उत्तर पुढच्या अंकात.